डायॉक्सिन आणि धुरातले इतर चिवट विषारी प्रदूषक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरा जाळण्याच्या भट्ट्या, धातू वितळवणारे कारखाने, सिमेंट भट्ट्या आणि उघड्यावरची जाळपोळ यांतून बाहेर पडणाऱ्या चिवट सेंद्रिय प्रदूषकांबद्दल ही प्रश्नोत्तरं आहेत. प्लँट चालवणारे, धुराची चाचणी करून घेणारे आणि चिमणीच्या आसपास राहणारे अशा तिघांचेही प्रश्न यात घेतले आहेत.

धुरातले चिवट सेंद्रिय प्रदूषक म्हणजे नेमके कोणते?

जे विषारी आहेत, निसर्गात लवकर मोडत नाहीत, चरबीत साठतात आणि हवेबरोबर दूरवर जातात, ते या गटात येतात. स्टॉकहोम करार २००१ मध्ये स्वीकारला गेला आणि १७ मे २००४ पासून लागू झाला. कुणी मुद्दाम बनवत नाही, पण ज्वलनात आणि रासायनिक प्रक्रियांत आपोआप तयार होतात, अशा पदार्थांची त्यात वेगळी यादी आहे : डायॉक्सिन, फ्युरान, पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाईल), हेक्साक्लोरोबेन्झीन, पेंटाक्लोरोबेन्झीन, पॉलिक्लोरिनेटेड नॅफ्थलीन आणि हेक्साक्लोरोब्युटाडाईन. बेन्झो(ए)पायरीनसारखी पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन या यादीत नाहीत. अर्धवट जळणाच्या धुरात तीही असतातच, आणि १९९८ च्या आरहूस प्रोटोकॉलने त्यांचा समावेश केलेला आहे.

या पानावर भर डायॉक्सिन-फ्युरानवर आहे. ती आटोक्यात ठेवणारे उपाय बाकीच्यांनाही बऱ्याच अंशी लागू पडतात.

डायॉक्सिन २१० प्रकारची असतात, मग अहवालात १७ च का?

डायॉक्सिनचे ७५ आणि फ्युरानचे १३५ प्रकार आहेत; दोन्ही मिळून २१०, आणि बोलताना दोघांनाही डायॉक्सिनच म्हणतात. त्यांपैकी रेणूच्या २, ३, ७ आणि ८ या चारही जागांवर क्लोरीन असलेले १७ प्रकार शरीरातल्या एएच रिसेप्टर या प्रथिनाला घट्ट चिकटतात. विषारीपणाचा मोठा भाग त्यांच्याकडून येतो. सगळ्यांत जहाल २,३,७,८-टीसीडीडी हा प्रकार १ धरून बाकीच्यांना गुणांक दिले जातात. उदाहरणार्थ, २,३,७,८-टीसीडीएफ या फ्युरानचा गुणांक जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या संचात ०.१ आहे. प्रत्येक प्रकाराचं प्रमाण गुणिले त्याचा गुणांक, आणि त्या सगळ्यांची बेरीज, म्हणजे टीईक्यू : एकूण विषारीपणाचा एकच आकडा.

इथे एक गोष्ट नीट पाहावी. गुणांकांचे संच एकापेक्षा जास्त आहेत. २,३,४,७,८-पेंटाफ्युरानला जुन्या आंतरराष्ट्रीय संचात ०.५ गुणांक आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या संचात ०.३. ज्वलनाच्या धुरात हा प्रकार भरपूर असतो, त्यामुळे एकाच नमुन्याचे दोन आकडे येऊ शकतात. अहवालात संचाचं नाव नसेल तर प्रयोगशाळेकडून ते लिहून घ्या. डायॉक्सिनसारखे वागणारे १२ पीसीबी धरले आहेत की नाहीत, हेही त्याच वेळी विचारा.

भट्टीचं तापमान ८५० अंशांच्या वर असतं, मग चिमणीत डायॉक्सिन येतं कुठून?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. नीट जळणाऱ्या भट्टीत कचऱ्यातून आलेलं डायॉक्सिन जवळजवळ पूर्ण नष्ट होतं. ते पुन्हा तयार होतं ते धूर थंड होत असताना, भट्टी आणि चिमणी यांच्या मधल्या वाटेवर. १९७७ मध्ये केस ओली आणि सहकाऱ्यांना ॲमस्टरडॅमच्या कचरा भट्टीच्या राखेत डायॉक्सिन सापडलं. त्यानंतरच्या संशोधनातून ही यंत्रणा उलगडत गेली.

साधारण २०० ते ४५० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात, आणि त्यातही ३०० अंशांच्या आसपास सर्वांत जास्त, राखेच्या कणांवर ही रासायनिक क्रिया चालते. तिला चार गोष्टी लागतात : न जळलेला कार्बन म्हणजे काजळी, क्लोरीन, ऑक्सिजन आणि तांब्यासारखा धातू. हायड्रोजन क्लोराईड आणि ऑक्सिजन यांच्यापासून तांब्याच्या साक्षीने क्लोरीन वायू बनतो. काजळीच्या कडा तुटून त्यांचे क्लोरीनयुक्त तुकडे सुटतात आणि त्यांतून डायॉक्सिन-फ्युरान तयार होतात. दुसरी वाट क्लोरोफिनॉल, क्लोरोबेन्झीन अशा अर्धवट जळालेल्या रेणूंची आहे. हे रेणू त्याच राखेवर जोडले जाऊन थेट डायॉक्सिन बनतं.

म्हणून नुसतं भट्टीचं तापमान दाखवून काम भागत नाही. ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात धूर किती वेळ रेंगाळतो आणि तिथे किती राख साचलेली आहे, हे आधी विचारायला हवं. जुन्या प्लँटमध्ये २५०-३०० अंशांवर चालणारे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर असत. भरपूर राख, भरपूर वेळ आणि नेमकं नको तेच तापमान तिथे एकत्र यायचं, आणि धूळ पकडायला लावलेलं यंत्रच डायॉक्सिन बनवायचं.

८५० अंश आणि २ सेकंद हा नियम कुठे मोजायचा?

दुय्यम कक्षात (मुख्य भट्टीतला धूर पुन्हा जाळला जातो तिथे) हवा आत सोडण्याच्या शेवटच्या जागेनंतर. तिथून पुढे धुराने कमीत कमी २ सेकंद ८५० अंशांच्या वर राहायला हवं. कचऱ्यात हॅलोजनयुक्त सेंद्रिय पदार्थ क्लोरीनच्या हिशेबात १ टक्क्याहून जास्त असतील तर ११०० अंश. हे युरोपीय नियम आहेत आणि इतर अनेक ठिकाणीही हेच आकडे वापरले जातात.

गडबड बहुतेक वेळा तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलमध्ये होते. तो बर्नरच्या ज्वाळेसमोर असेल तर आकडा फुगतो. आवरणावर राख चढली की तो सुस्तावतो आणि तापमान ९०० वरून ७५० वर आलेलं वेळेत दाखवत नाही. दोन वेगवेगळ्या जागी थर्मोकपल ठेवा, आणि त्यांच्यातला फरक वाढू लागला की दोन्ही काढून तपासा. २ सेकंदांचा हिशेबही प्रत्यक्ष तापमानाच्या घनमीटरवर करायचा असतो. १०,००० नॉर्मल घनमीटर (म्हणजे ० अंश आणि सामान्य दाबाला मोजलेला) धूर ८५० अंशांवर सुमारे ४१,००० घनमीटर होतो. ताशी तेवढा धूर असेल तर २ सेकंदांसाठी साधारण २३ घनमीटरचा कक्ष लागतो. नॉर्मल घनमीटरवर हिशेब केला तर कक्ष चौपट लहान बांधला जातो.

तापमान, वेळ आणि मिसळण या तिघांत मिसळण सर्वांत दुर्लक्षित राहते. सरासरी तापमान उत्तम असूनही धुराचा एखादा पट्टा ऑक्सिजनविना तसाच निघून जातो. ते कळतं कार्बन मोनॉक्साईडच्या आलेखावरून. दिवसाची सरासरी ५० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटरच्या आत हवी, पण सरासरीपेक्षा त्या आलेखातली उंच टोकं जास्त बोलकी असतात. दर टोकाला थोडी काजळी बॉयलरच्या नळ्यांवर जाऊन बसते आणि पुढे कित्येक दिवस डायॉक्सिनला कच्चा माल पुरवते.

पीव्हीसी वगळलं की डायॉक्सिन थांबेल का?

थांबणार नाही, पण काही ठिकाणी फरक नक्की पडेल. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. तरी मिठातही क्लोरीन आहे, आणि मिश्र कचऱ्यातून क्लोरीन पूर्ण हद्दपार करता येत नाही. चांगल्या भट्टीत, क्लोरीन एका मर्यादेपलीकडे गेलेलं नसेल तर, ज्वलनाचा दर्जा आणि थंड होण्याचा वेग जास्त निर्णायक ठरतात. लहान, ढिसाळ भट्टीत किंवा उघड्यावर मात्र पीव्हीसी वेगळं काढणं हाच हाताशी असलेला मोठा उपाय आहे. तांब्याच्या तारा, सर्किट बोर्ड हेही त्यासोबत बाहेर काढा. तांब्याचा मुद्दा सहसा कुणी काढत नाही, पण तो क्लोरीनइतकाच महत्त्वाचा आहे.

इंधनात थोडं गंधक असेल तर डायॉक्सिन कमी होतं. सल्फर डायॉक्साईड क्लोरीन वायूचं पुन्हा हायड्रोजन क्लोराईड करतो आणि तांब्यालाही निष्क्रिय करतो.

क्वेंच आणि बॉयलर यांत काय पाहावं?

पाण्याच्या फवाऱ्याचं क्वेंच, म्हणजे धूर झटपट थंड करण्याची सोय, असेल तर धूर ५०० च्या वरून २०० अंशांखाली साधारण एका सेकंदात यायला हवा. नोझल झिजलं की थेंब मोठे होतात, ते वेळेत वाफ होत नाहीत, खाली ओली राख साचते आणि थंड होणं लांबतं. नोझल काढून फवारा उघड्यावर बघण्याचं काम प्लँट बंद असतो त्या प्रत्येक वेळी करा.

बॉयलर असेल तर धूर सावकाश थंड होणं टळत नाही, कारण उष्णता काढून घ्यायची असते. तिथे इलाज एकच : इकॉनॉमायझरच्या (पाणी आधी तापवणाऱ्या शेवटच्या नळ्यांच्या) भागात राख साचू न देणं. नळ्यांवरची राख झटकणारे सूट ब्लोअर वेळापत्रकाप्रमाणे चालवा आणि बॉयलरच्या बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान रोज लिहा. तोच भार, तोच कचरा असताना ते आठवड्यागणिक १०-१५ अंशांनी चढत असेल तर नळ्यांवर थर वाढतो आहे.

ॲक्टिव्हेटेड कार्बन किती टाकायचा?

धुरातलं डायॉक्सिन शोषणारी ही कोळशाची पूड बॅग फिल्टरच्या, म्हणजे धूर गाळणाऱ्या पिशव्यांच्या, आधी साधारण ५० ते २०० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर. ताशी ५०,००० नॉर्मल घनमीटर धूर असलेल्या प्लँटला १०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ताशी ५ किलो लागतो. हा आकडा लहान आहे, आणि अडचण तिथेच होते. हॉपरमध्ये (साठवणीच्या नरसाळ्यात) कार्बन कमानीसारखा अडकून राहतो, खालचा स्क्रू रिकामाच फिरत राहतो आणि कंट्रोल रूममध्ये मोटर चालू असल्याचा हिरवा दिवा दिसत राहतो. स्क्रूचे फेरे मोजून उपयोग नाही. हॉपरचं वजन लोड सेलवर घ्या आणि दर शिफ्टला किती किलो उतरलं ते लॉगबुकात लिहा. ४० किलो उतरायला हवे होते आणि ६ च उतरले, तर त्या शिफ्टमध्ये डायॉक्सिनवर नियंत्रण नव्हतं असंच धरा.

बॅग फिल्टर १३० ते १६० अंशांवर ठेवणं चांगलं. २०० च्या वर गेलं की डायॉक्सिन कार्बनवर टिकत नाही, वायूत परततं. फार खाली उतरलं तर आम्ल दवासारखं जमतं, आणि चुना वापरत असाल तर कॅल्शियम क्लोराईड ओलं होऊन पिशव्या चिकट होतात. नव्या पिशव्या बसवल्यावर लगेच धूर सोडू नका. आधी चुना-कार्बनचा थर चढू द्या, कारण बरंचसं शोषण त्या थरातच होतं.

आगीचा धोका खरा आहे. कार्बनमिश्रित राख हॉपरमध्ये साचून राहिली तर आतून तापते. हॉपर नियमित रिकामे करा, हवेची गळती बंद करा, कार्बन चुन्यासोबत टाका.

कार्बन डायॉक्सिन नष्ट करत नाही, धुरातून राखेत हलवतो. प्रत्यक्ष नष्ट करायचं असेल तर नायट्रोजन ऑक्साईडसाठी वापरलं जाणारं व्हॅनेडियम-टायटॅनियमचं उत्प्रेरक २०० ते ३०० अंशांवर ते काम करतं.

स्क्रबरनंतर डायॉक्सिन वाढलेलं दिसतं, असं कसं?

स्क्रबरमध्ये (धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्रात) भरलेलं पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचं पॅकिंग डायॉक्सिन शोषून घेतं. भट्टी बिघडते तेव्हा ते साठतं आणि नंतर धूर स्वच्छ झाला, तापमान थोडं वाढलं की हळूहळू बाहेर सुटतं. हा परिणाम महिनोन् महिने टिकू शकतो. पॅकिंग बदलणं किंवा कार्बन मिसळलेलं पॅकिंग वापरणं हे उपाय आहेत.

सुरू करताना आणि बंद करताना काय काळजी घ्यावी?

या काही तासांत नेहमीच्या चालण्यापेक्षा कितीतरी जास्त डायॉक्सिन बाहेर पडू शकतं. थंड भट्टी, भरपूर काजळी आणि अजून न तापलेला फिल्टर हे तिन्ही तेव्हा एकत्र येतात. क्रम असा ठेवा : सहायक बर्नरवर स्वच्छ इंधनाने दुय्यम कक्ष ८५० वर न्या, बॅग फिल्टर दवबिंदूच्या वर तापवा, कार्बन आणि चुना सुरू करा आणि मगच कचरा टाका. बंद करताना शेवटचा कचरा पूर्ण जळेपर्यंत बर्नर चालू ठेवा. तापमान उतरल्यावर कचऱ्याचं फाटक आपोआप बंद व्हायलाच हवं, ऑपरेटरच्या मर्जीवर ते सोडू नये.

बायपास चिमणीचा डॅम्पर किती वेळा आणि किती मिनिटं उघडला याची वेगळी नोंद ठेवा. तो उघडला की सगळी नियंत्रणं वगळून धूर थेट बाहेर जातो.

चिमणीतला नमुना कसा घेतात?

ईएन १९४८ हे युरोपीय मानक किंवा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची (यूएस ईपीए) पद्धत २३ यांप्रमाणे. चिमणीतल्या वेगानेच धूर आत ओढायचा, कारण डायॉक्सिनचा बराच भाग धुळीवर बसलेला असतो. काचेची किंवा टायटॅनियमची नळी, धुळीसाठी गाळणी, त्यामागे थंड करणारा भाग आणि वायूतलं डायॉक्सिन शोषणारं एक्सएडी-२ रेझिन अशी साखळी असते. रेझिन २० अंशांच्या आत थंड ठेवायचं. नमुना घेण्याआधी कार्बन-१३ खूण असलेले ज्ञात पदार्थ त्यावर टाकतात. वाटेत किती हरवलं ते त्यांवरून कळतं.

नमुना ६ ते ८ तासांचा असतो. ताशी एक घनमीटरने ६ तासांत ६ घनमीटर धूर येतो. मर्यादा घनमीटरमागे ०.१ नॅनोग्रॅम असेल तर अख्ख्या नमुन्यात जेमतेम ०.६ नॅनोग्रॅम टीईक्यू. इतक्या थोड्या पदार्थासाठी न धुतलेली नळी, सांध्यातलं ग्रीस, उघडं राहिलेलं झाकण यांतलं काहीही पुरेसं घातक ठरतं. म्हणून आधी आणि नंतर गळती चाचणी, साखळी जोडून धूर न ओढता घेतलेला कोरा नमुना, नळी ॲसिटोन व टोल्युइनने धुतल्यावर निघणारा द्रवही नमुन्यातच धरणं, आणि उजेडापासून बचाव यांत सूट नाही. नळी धुतलेला द्रव टाकून दिला तर आकडा कमी येतो. चाचणी करून घेणाऱ्याने तिथे उभं राहून हे पाहावंच.

वर्षाकाठी दोन चाचण्यांवर प्लँटचं खरं चित्र कळत नाही, कारण चाचणीच्या दिवशी सगळं नीट चालवलं जातं. दोन ते चार आठवडे सतत नमुना घेणारी यंत्रणा लावता आली तर लावा. सुरू-बंद होतानाचा धूरही तीत येतो.

अहवालात ०.०८ आहे, म्हणजे ०.१ च्या आत आलो ना?

ऑक्सिजन पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कचरा भट्टीसाठी युरोपची मर्यादा ०.१ नॅनोग्रॅम टीईक्यू प्रति नॉर्मल घनमीटर आहे, पण कोरड्या धुरात आणि ११ टक्के ऑक्सिजनला. सूत्र : मोजलेला आकडा × (२१ − ११) ÷ (२१ − मोजलेला ऑक्सिजन). ऑक्सिजन १४ टक्के असेल तर ०.०८ × १० ÷ ७ = ०.११४. मर्यादा ओलांडली. दारातून, फ्लँजमधून हवा आत शिरत असेल तर धूर पातळ होतो आणि कच्चा आकडा चांगला दिसतो.

शिवाय पाहा : खूण केलेल्या पदार्थांपैकी किती टक्के परत मिळाले आहेत, आणि जे प्रकार सापडले नाहीत ते शून्य धरले आहेत की शोधमर्यादेइतके. शोधमर्यादा मोठी ठेवून सगळं शून्य धरलेला अहवाल काहीच सिद्ध करत नाही.

मर्यादा ओलांडली. आधी काय तपासू?

आधी कार्बन खरंच उतरला का. मग बॅग फिल्टरचं तापमान आणि फाटकी पिशवी : धूळही वाढलेली असेल तर गळती आहे. धूळ कमी आणि डायॉक्सिन जास्त असेल तर ते वायूरूपात जात आहे, म्हणजे कार्बन कमी पडतो किंवा तापमान जास्त आहे. हे दोन्ही ठीक असतील तर मागच्या काही आठवड्यांतल्या कार्बन मोनॉक्साईडच्या टोकांकडे आणि बॉयलरच्या साफसफाईकडे वळा. साफसफाई न करता लगेच दुसरी चाचणी घेतली तर तोच आकडा पुन्हा येण्याची शक्यता मोठी आहे.

कचरा भट्टी सोडून इतर उद्योगांत?

भंगार वितळवून पोलाद बनवणाऱ्या इलेक्ट्रिक आर्क फर्नेसमध्ये तेलकट, रंगवलेलं, प्लॅस्टिक चिकटलेलं भंगार हे मूळ आहे. भंगार धुराने आधी तापवत असाल तर पुढे आफ्टरबर्नर (धूर पुन्हा जाळणारा बर्नर) आणि झटपट थंड करण्याची सोय हवी. लोहखनिजाची भुकटी भाजून तिचे गोळे करणाऱ्या सिंटर प्लँटमध्ये तेलकट मिल स्केल (पोलाद लाटताना निघणारे पापुद्रे) कमी करणं आणि मिश्रणात युरिया टाकणं उपयोगी पडतं. सिमेंट भट्टीत ज्वाळा २००० अंशांची आणि माल १४५० चा असल्याने नष्ट होण्याची चिंता कमी असते. मात्र सेंद्रिय कचरा कच्च्या मालासोबत वरून टाकू नये, कारण तिथे तो जळण्याआधीच वाफ होऊन निघून जातो. मुख्य बर्नर किंवा प्रीकॅल्सायनर (कच्चा माल आधी भाजणारा कक्ष) हीच त्याची जागा. धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी धूर २०० अंशांखाली हवा.

दुय्यम तांबं, म्हणजे भंगारातून तांबं काढणं, हा सर्वांत अवघड उद्योग आहे. प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारा जाळून तांबं काढणं तर कुठेही करू नये. तांबं, क्लोरीन, काजळी आणि मंद आच हे सगळं तिथे एकाच ढिगात असतं. सोलणारी यंत्रं आणि ग्रॅन्युलेटर वापरून तेच तांबं जास्त स्वच्छ मिळतं.

उघड्यावर थोडासा कचरा जाळला तर काय बिघडतं?

धुमसणारा ढीग बराच वेळ नेमक्या घातक तापमानात राहतो आणि त्याला कुठलंच नियंत्रण नसतं. नियंत्रण नसेल तर काय होतं ते संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या मोजणी-संचातून दिसतं : नियंत्रण नसलेल्या शहरी कचरा भट्टीसाठी हवेतलं उत्सर्जन टनामागे ३,५०० मायक्रोग्रॅम टीईक्यू धरलं आहे, तर उत्तम नियंत्रण असलेल्या भट्टीसाठी ०.५. फरक सात हजार पटींचा. ढिगाचा धूर उंच चिमणीतून न जाता माणसांच्या नाकाच्या पातळीवरच पसरतो, आणि राख तिथल्याच मातीत मिसळते.

चिमणीजवळ राहणाऱ्यांना धोका श्वासातून की अन्नातून?

मुख्यतः अन्नातून. माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी ९० टक्क्यांहून जास्त दूध, मांस, मासे, अंडी यांतून येतं. टीसीडीडी शरीरात अर्धं व्हायला सुमारे ७ ते ११ वर्षं लागतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. गर्भ आणि लहान बाळं सर्वांत नाजूक असतात. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये ठरवलेली सुसह्य मात्रा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २ पिकोग्रॅम आहे.

हवा मोजायची असेल तर ०.३ पिकोग्रॅम प्रति घनमीटर किंवा त्याहून जास्त आढळलं की जवळपास स्रोत आहे असं जागतिक आरोग्य संघटना मानते. माती आणि मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी त्याहून चांगला पुरावा देतात, कारण कोंबड्या मातीतून टिपतात आणि वर्षानुवर्षांचा साठा बलकाच्या चरबीत उतरतो. राख टाकलेल्या जमिनीवर कोंबड्या किंवा गुरं सोडू नका. भाज्या नीट धुवा, कंदमुळं सोला.

पकडलेल्या राखेचं काय करायचं?

बॉटम ॲश (भट्टीच्या तळाशी उरणारी राख) आणि फ्लाय ॲश (धुराबरोबर उडणारी राख) कधीही एकत्र करू नका. डायॉक्सिन मुख्यतः फ्लाय ॲशमध्ये आणि बॅग फिल्टरच्या राखेत असतं. ती बंद कन्व्हेयरने न्या, ओलसर करून बंद पिशव्यांत भरा आणि घातक कचऱ्याच्या अस्तर घातलेल्या भरावातच पाठवा. विटा, रस्ते, शेत यांत नाही. ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात ३०० ते ४०० अंशांवर ती तापवली तर तिच्यातलं डायॉक्सिन मोडतं, आणि अशा यंत्रणा प्रत्यक्ष चाललेल्या आहेत. मात्र बाहेर काढताना राख बंद ठेवूनच झपाट्याने थंड करावी लागते. हवेत सावकाश थंड झाली तर डायॉक्सिन पुन्हा तयार होतं.

फिल्टरच्या आत उतरणाऱ्या कामगाराला पी३ दर्जाचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क आणि टाकून देता येणारा पूर्ण अंगाचा पोशाख हवा. झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा वापरायची नाही, एच दर्जाचा (घातक धुळीसाठीचा) व्हॅक्यूम वापरायचा. कामाचे कपडे घरी धुवायला न्यायचे नाहीत.